हॅसल्टनच्या पाच मात्रा

“ब्लेंड होत नाही,” थिओसर म्हणाले, आणि त्यांनी सालोमीमावशीच्या हातातलं पान काढून घेतलं.

पान झेरॉक्सचं होतं, कडेला काळी पट्टी उमटलेलं. मावशीनं ते उलटं धरलेलं नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे टेनरवाल्या पुरुषांनी तशी आवई उठवली. सरळच धरलं होतं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि पाच रेघांवर बसलेली ती काळी टिंबं आमच्यातल्या चौघापाचांनाच कळायची. पण पान सरळ धरायला इंग्रजी लागत नाही.

“काय होत नाही?” मावशीनं विचारलं.

“ब्लेंड. म्हणजे मिसळत नाही. वेगळा पडतो तुमचा आवाज. वाईट आहे असं मी म्हणत नाही, सालोमीबाई. मोठा आहे. हॅसल्टनला मोठा आवाज चालत नाही.”

“तो कुठं बसलाय ऐकायला?” मी मागून म्हणाले.

दोघीतिघी हसल्या. थिओसरांनी ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाला लावला. हसणाऱ्या माणसांना गप्प करायची ती त्यांची नवी रीत होती. आपण हसत असताना समोरचा माणूस डोळे मिटून एक सूर ऐकत उभा राहिला, की हसणं आपोआप ओशाळतं.

मावशीनं पदर सारखा केला. “बरं,” एवढंच म्हणाली, आणि आल्टोच्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायांच्या, पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून उठली. त्या खुर्चीवर ती मी जन्मायच्या आधीपासून बसत होती.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट, मिरजेतली. आमच्या देवळाच्या मागच्या खोलीत गायनाचा सराव चालायचा. आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि एका दवाखान्यात चादरी-टॉवेलांच्या खोलीवर कामाला होते. गाणं मला कुणी शिकवलं नव्हतं. पंधराव्या वर्षी, आई गेल्यावर, सालोमीमावशीनं मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं, आणि तिच्या तोंडाकडे बघत बघत मी शिकले. रेघांवरची टिंबंही मी माझी मीच, पेन्सिलीनं खाली सा-रे-ग-म लिहीत, फोडून काढली होती. त्याचा मला केवढा तरी ताठा होता.

थिओफिल लोंढे मूळचे आमच्याच गल्लीतले. मुंबईच्या एका शाळेत पंचवीस वर्षं संगीत शिकवून निवृत्त झाले, त्यानंतर सहा आठवडे इंग्लंडात कसलासा कोर्स केला, आणि जूनमध्ये मिरजेला परत आले ते मफलर घालून. मिरजेत जूनमध्ये मफलर घालणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर इंग्लंडाहून आलेला असतो. पंचकमिटीनं त्यांना गायकवृंद देऊन टाकला. पाळकसाहेब म्हणाले, देवानं पाठवलेला माणूस आहे. देव ज्यांना पाठवतो त्यांच्याबरोबर परतीचं तिकीट देत नाही, एवढीच माझी तक्रार होती.

सरांनी येताना एक पातळसं हिरवं पुस्तक आणलं होतं. नाताळसाठी तीन स्तुतिगीतं, संगीतकार एडविन हॅसल्टन. हा हॅसल्टन अजून हयात होता, आणि थिओसर ते अशा आवाजात सांगत, की त्याच्या हयातीचं थोडं श्रेय त्यांच्याकडेही जावं. तिकडच्या एका मोठ्या कॅथीड्रलात त्यांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलं होतं. मध्ये खांब होता, त्यामुळे अर्धाच दिसला.

पुस्तकात लिहिलं होतं, चाळीस जणांचा गायकवृंद, मोठा ऑर्गन आणि तीन ट्रम्पेट. आमच्याकडे सव्वीस माणसं, डाव्या पायाला कुरकुरणारी एक पायपेटी आणि दस्तगीर. दस्तगीर लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. पहिल्या सरावाला तो आला आणि हॅसल्टनच्या चार ओळी त्यानं अशा काही वळणं घेत, लाडालाडानं वाजवल्या, की बाया खुर्चीतल्या खुर्चीत डोलायला लागल्या.

“दस्तगीरभाई,” सर म्हणाले, “एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायचं नाही. सरळ पाऊल टाकायचं.”

“टाकतो की सर.” दस्तगीरनं ट्रम्पेट झटकला. “तुमच्या साहेबानं लिहिलंय तेवढंच वाजवतो. पण एक सांगू का, हा माणूस आमच्या बँडमध्ये असता तर वरातीतून घरी पाठवला असता.”

मला दस्तगीरचं म्हणणं पटलं होतं. तिसरं गीत, येशूजन्माच्या रात्री रानात जागणाऱ्या मेंढपाळांचं, तर ऐकवत नव्हतं. सोप्रानोवाल्यांचा वरचा सूर आणि आमचा आल्टोचा सूर अगदी खेटून, एका चुलीवर दोन जावा उभ्या राहाव्यात तसे, आणि दोघींनी एकमेकींना न ढकलता आठ आठ मात्रा तसंच उभं राहायचं. मी पहिल्यांदा ते गायले तेव्हा वाटलं माझंच चुकलं. पुन्हा पाहिलं तर छापलेलंच तसं.

“सर, हे छापताना चुकलंय,” मी म्हणाले.

“नाही एस्तेरबाई. तो डिसोनन्स आहे, मुद्दाम खटकणारे सूर. थंडी वाजतेय मेंढपाळांना. ती थंडी आहे ती.”

“मिरजेत एवढी नसते,” मी म्हणाले. तेव्हाही दोघीतिघी हसल्या. मी हसवायचे, आणि त्या हसायच्या. त्यांच्या हसण्यावर माझा तो सगळा हंगाम चालला होता.

मावशीला काढलं त्याच संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे गेले.

“साहेब, एकोणपन्नास वर्षं गातेय ती बाई,” मी म्हणाले. “तिच्या आवाजावर आपलं आमेन उठतं.”

हे आमेन म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या देवळात गायकवृंदाचं खास गीत संपलं, की सगळी मंडळी बसल्या जागी तीन वेळा आमेन गाते. फार पूर्वी एका पावसाळ्यात उंदरांनी पायपेटीचा भाता कुरतडला. त्या रविवारी गीत संपलं आणि आमेनचा सूर द्यायला काहीच नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत असताना सालोमीमावशीनं गायकवृंदातून एकटीनं ‘आ’ लावला. भाता दुरुस्त झाला, पण मंडळीला तीच सवय लागली. गीत थांबलं रे थांबलं की तीनशे माणसं श्वास घेऊन मावशीची वाट बघायची. ती सूर द्यायची, मग देऊळ गाजायचं. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते ऐकून भरून यायचं. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नसे, रोजच्या जेवणासारखं.

पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं. “सर मोठा माणूस आहे, एस्तेर. एवढा नाताळ त्यांच्या मनासारखा होऊ दे. मग कमिटीपुढे बोलू.”

“आणि नाताळ वाईट झाला तर?”

“तर कमिटी विचार करेल की.”

ते सहज बोलून गेले. मी मात्र तो शब्द घरी घेऊन आले.

मावशी दवाखान्यामागच्या चाळीत राहायची, एकटीच. बाळंतपणाच्या वॉर्डातून आया म्हणून निवृत्त झालेली. मी स्वतः तिच्याच हातावर जन्मले, असं ती सांगायची, आणि तेव्हाही तू फार ओरडली होतीस, हे पुढे जोडायची. सरावाहून परतताना मी रोज तिच्याकडे डोकावायला लागले. तिला एकटं वाटू नये, सरांच्या गमती ऐकून तिनं हसावं, हा माझा हेतू.

“आज काय शिकवलं?” ती विचारायची. हातात तांदूळ निवडायचं ताट.

मी मफलर गुंडाळल्याची नक्कल करून थिओसर व्हायचे. “आल्टो, प्लीज. तुम्ही बर्फावरून चालताय.” मग मी बर्फावरून चालल्यासारखी खोलीभर चालायचे आणि हॅसल्टनच्या ओळी नाकात गायचे.

मावशी हसत नसे. “नीट म्हण की,” म्हणायची. “आणि पुढं?”

“पुढं काय, तेच. दोन पानं एकाच सुरावर. एवढं रडगाणं लिहायला त्याला पैसे कोण देतं कुणास ठाऊक.”

“पुढचं म्हण गं.”

मी म्हणायचे. तिला वाईट वाटतंय, आपल्याला जे गाता आलं नाही ते निदान ऐकावं असं वाटतंय, अशी माझी समजूत. मला तिची कीव यायची आणि सरांचा आणखी राग यायचा. दोन्ही घेऊन मी घरी जायचे आणि मला शांत झोप लागायची.

रविवारी ती आता खाली मंडळीत बसायची, सहाव्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला. पहिल्याच रविवारी आम्ही एक साधं जुनं गीत गायलो. गीत थांबलं आणि सगळ्या माना आधी आमच्याकडे वळल्या, मग रिकाम्या खुर्चीकडे, मग शोधत शोधत सहाव्या बाकाकडे. मावशीनं तिथूनच सूर दिला. तीनदा आमेन झालं. थिओसर पायपेटीजवळ पानं लावत होते, त्यांची पाठ होती. त्यांना वाटलं, मंडळी आपली आपण गाते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिसऱ्या गीताच्या शेवटापर्यंत पोचलो. तिथं सगळा गायकवृंद आणि दस्तगीर मिळून मोठ्यानं ‘ग्लोरिया’, देवदूतांचा तो जयजयकार, म्हणतो, आणि मग छापील पानावर काहीच नाही. पाच मात्रा नुसतं मोकळं. त्यानंतर शेवटचं एक पान, तेही इतकं हळू, की सुरुवात फक्त आल्टोची.

“इथं कुणी श्वाससुद्धा ऐकू येईल असा घ्यायचा नाही,” सर म्हणाले. त्यांनी दोन्ही हात वर धरले. “या पाच मात्रा हॅसल्टननं मेंढपाळांना दिल्या आहेत. देवदूत गेले. आता मैदानात कुणी नाही. मेंढपाळ उभे आहेत. त्यांना कळत नाहीये की झालं काय.”

“आम्हालापण,” मी म्हणाले. या वेळी एकच जण हसली.

आम्ही तो भाग दहा वेळा केला. मोठ्यानं ग्लोरिया, मग सर हात वर धरून उभे, एक, दोन, तीन, चार, पाच, मग आम्ही. बंद खोलीत, सव्वीस माणसांत, छान जमत होतं. सहाव्या वेळी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खोलीत मंडळी नव्हती. देवळात असणार होती. तीनशे माणसं, नाताळचे नवे कपडे घालून, श्वास घेऊन बसलेली. ग्लोरियाचा तो आवाज थांबला की ती काय करणार, हे मिरजेतल्या शेंबड्या पोराला कळलं असतं. ती आमेन गाणार. पाच मात्रांत तीन आमेन सहज बसतात. आणि मग सगळे आवरून बसणार, पाळकसाहेब प्रार्थनेला उठणार, आणि थिओसर हात वर धरून उभे, हातात शेवटचं पान तसंच.

मी काही बोलले नाही.

पण सर अगदीच बावळट नव्हते. सराव संपल्यावर खुर्च्या रचताना माझ्याजवळ आले. “एस्तेरबाई, तुम्ही इथल्या जुन्या. लोक ते आमेन म्हणतात ना, ते नेमकं कधी?”

आजही मला तो क्षण चांगला आठवतो. माझ्या एका हातात खुर्ची होती.

“शेवटी म्हणतात, सर,” मी म्हणाले. “गीत संपलं की.”

“मधे नाही ना?”

“मधे कशाला म्हणतील?”

त्यांनी मान हलवली आणि मफलर नीट केला. मी एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. सायक्लोस्टाईल केलेल्या पत्रिकेवर खाली एक ओळ टाकली असती तरी भागलं असतं. पत्रिका मीच लिहून दिली होती. ओळीला जागाही होती. तिथं मी एक घंटा काढली आणि तिला रिबीन.

त्या संध्याकाळी मावशीला मी पाच मात्रांची गंमत सांगितली. “ग्लोरिया म्हणून सगळे गप्प. देवदूत गेले म्हणे. मग आम्ही आल्टो, अशा हळू.” मी शेवटचं पान म्हणून दाखवलं, घाईघाईनं.

“गप्प किती वेळ?”

“पाच मात्रा. तू बघच आता त्या दिवशी काय होतं ते.”

“काय होतं?”

“बघच की. सगळ्यांपुढं मफलर सुटणार आहे. मग कमिटी तुला घरी बोलवायला येईल, आणि पुढच्या रविवारी तू आपल्या खुर्चीत.”

मावशीनं ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “ते शेवटचं पान पुन्हा म्हण,” ती म्हणाली. “घाई करू नको.”

नाताळच्या सकाळी देऊळ गच्च भरलं होतं. मागच्या भिंतीला लागून पुरुष उभे, पुढे सतरंजीवर पोरं, छताला रंगीत कागदाच्या साखळ्या. मावशी सहाव्या बाकावर, जांभळ्या इरकलीत, डोक्यावर पदर. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. थिओसरांनी मफलर काढून ठेवला होता. मानेवर एक गांधीलमाशी चावल्याचा डाग होता, तो पहिल्यांदाच दिसला.

पहिली दोन गीतं ठीक झाली. दस्तगीर एकदाच घसरला. तिसरं सुरू झालं आणि मी मनातल्या मनात मात्रा मोजत वाट बघायला लागले, सणाच्या दिवशी पोर फटाक्याच्या वातीकडे बघतं तशी. मी कुठं चुकले नाही. मी चुकणाऱ्यांतली नव्हते. जावा जावांसारखे सूर आले आणि गेले, दोन पानांचं रडगाणं झालं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ग्लोरिया म्हटलं. दस्तगीरनं छातीतला सगळा वारा ओतला. पायपेटी थरथरली.

आणि थांबलं. सरांचे हात वर.

एक. तीनशे माणसांनी श्वास घेतला. तो मला ऐकू आला, बाकं करकरली.

दोन. माना सहाव्या बाकाकडे वळल्या.

मावशी ताठ बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते. उजवा हात तिनं मांडीवरून थोडा वर उचलला होता, पालथा, वॉर्डातल्या एखाद्या बाळंतिणीला अजून जोर करू नको म्हणून सांगताना उचलावा तसा. एवढंच. तिच्या पुढच्या बाकावरच्यांनी तो पाहिला, बाजूच्यांनी पाहिला.

तीन. मागून याकोबबाबांचा ‘आ’ निघाला. त्यांना दिसत कमी होतं. तो दोन बाकांपर्यंत आला, आणि कुणीच उचलला नाही म्हणून जिथल्या तिथं विरला.

चार. तीनशे माणसं घेतलेला श्वास धरून बसली होती. सतरंजीवरची पोरंसुद्धा तोंड उघडं टाकून मावशीच्या हाताकडे बघत होती. आमच्या देवळात तसं गप्प मी कधी ऐकलेलं नव्हतं. मयतीलाही नाही.

पाचवी मात्रा मी मोजली नाही. मी मावशीकडे बघत होते. शेजारणींचे आवाज कानावर आले तेव्हा कळलं, की आल्टो आत शिरल्या आणि मी बाहेर राहिले. आठजणी गात होत्या. मी मधेच सूर पकडायला गेले, पण तो इतका हळू चालला होता, की माझं तोंड उघडलं ते तसंच मिटलं.

शेवटचं पान संपलं. सरांचे हात खाली आले. मग मावशीनं पदर सावरला आणि आपला नेहमीचा ‘आ’ लावला, आणि साठवून धरलेल्या श्वासानं सगळं देऊळ असं उठलं, की खिडकीतली पारवी उडाली.

नंतर आवारात चहा आणि करंज्या होत्या. लोक थिओसरांचा हात धरून धरून हलवत होते. पंचकमिटीतले एक वडील म्हणाले, एवढी शांतता तर प्रवचनालाही नसते. पाळकसाहेब तिथंच उभे होते, त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. सर माझ्याजवळून जाताना म्हणाले, “आल्टो, एंट्री सुरेख.” हातातली करंजी मी जवळच्या एका पोराला देऊन टाकली.

दुपारी मी मावशीच्या दारात उभी राहिले ती भांडायलाच.

“तू का गप्प बसलीस?”

“आत ये, ऊन आहे.”

“तुला सगळं माहीत होतं. एकदा सूर दिला असतास तर सगळं आडवं झालं असतं. लोक वाट बघत होते तुझी.”

“गाणं संपलं नव्हतं,” मावशी म्हणाली. ती चुलीपाशी बसून भात बघत होती. “संपायच्या आधी कशाला आमेन?”

“त्यानं तुला काढलं, मावशी. सगळ्यांदेखत. ब्लेंड होत नाही म्हणाला.”

“म्हणाला की. मला राग आला होता, तुला काय वाटलं? आठ दिवस मी त्याच्या घरावरून गेले नाही. वळसा घालून दुधाला जायचे.” तिनं भाताचं झाकण ठेवलं. “पण तू येऊन ते म्हणून दाखवायचीस ना. नाकातून, वाकडं करून. तरीसुद्धा ते मला कळायचं. रात्री तुझं नाक काढून टाकून मी म्हणून बघायचे. ते थंडीचं आहे ना, दोन सूर जवळ जवळ? वॉर्डात पहाटे बाळंतीण एकटी कण्हत असते आणि शेजारच्या खाटेवरची झोपेत, तसं ऐकू येतं ते. मला लिहिता येत असतं तर मी तसंच लिहिलं असतं. कोण कुठला तो माणूस, त्याला कसं ठाऊक?”

मी चपला काढून आत आले.

“आणि तुला एक सांगू? रागवू नको. सहाव्या बाकापर्यंत तुझा आवाज येत होता. सगळ्यांतून वेगळा. करपलेलं पातेलं घासावं तशी गात होतीस.”

“मी कुठं चुकले नाही.”

“चुकली नाहीस.”

तेवढ्यात दाराशी कुणीतरी खोकलं. थिओसर होते, कोटात, हातात कागदात बांधलेला केक. मावशीनं त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

“पाळकसाहेबांनी मला आत्ता सांगितलं,” ते म्हणाले, “ते आमेन कसं सुरू होतं ते. माझी पाठ असायची, मला दिसलंच नव्हतं. तुम्ही हात उचलला नसता तर…” त्यांनी मफलर चाचपला. तो नव्हता. “पण तुम्हाला कसं कळलं, सालोमीबाई, की अजून एक पान आहे? आम्ही तिथवर पोचलो तेव्हा तुम्ही सरावाला नव्हतात.”

“ही येऊन रोज म्हणायची. सगळं पाठ आहे मला. पाच मात्रांसकट.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माणसाच्या चेहऱ्यावर हिशेब लागताना दिसतो, तो मी पाहिला. खुर्च्या, पत्रिका, घंटा, रिबीन, सगळं.

“मी तुम्हाला विचारलं होतं, एस्तेरबाई.”

“होय सर.”

“तुम्ही म्हणालात, शेवटी.”

“होय सर.”

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती, तीन महिने धार लावलेली. त्यांनी केक मावशीच्या हातात दिला आणि म्हणाले, “मला ऐकता आलं नाही, सालोमीबाई. पंचवीस वर्षं शाळेतली पोरं ऐकली, त्यांचे आवाज सारखे असतात. एक तारखेच्या उपासनेला हेच पुन्हा गायचंय, मंडळीनं मागितलंय. तुम्ही या. तुमच्या खुर्चीवर.”

मी मावशीकडे पाहिलं. मला जे हवं होतं ते झालं होतं. ज्या वाटेनं मी आणायला निघाले होते, तिच्या उलट्या वाटेनं आलं, पण आलं होतं.

“येते की,” मावशी म्हणाली. “पण आल्टोच्या खुर्च्या नऊच. रिकामी भरलीत ना तुम्ही माझी?”

“भरली. पण दहावी टाकू.”

“दहावी कशाला? हिला खाली बसवा.” तिनं मानेनं माझ्याकडे दाखवलं, जणू कपाटातली पातेली इकडची तिकडे करायची होती. “सहाव्या बाकावर, भिंतीकडं. तिथून बरं ऐकू येतं.”

ती थट्टा करतेय का म्हणून मी बघत राहिले. ती केकच्या कागदाची गाठ सोडत होती.

“सालोमीबाई, त्या माझ्या सगळ्यांत पक्क्या आल्टो आहेत,” थिओसर म्हणाले. मला आजही त्यांचं हे सांगायला जड जातं, पण ते म्हणाले. “त्यांचा सूर कधी हलत नाही. किती दिवस बसवायचं म्हणता?”

“हिला ऐकू येईपर्यंत,” मावशी म्हणाली, आणि केकचे तीन तुकडे केले.

मला ईस्टर उलटून दोन रविवार लागले.